लंडनच्या तीन छोट्या पेट्या : दुरुस्ती आणि थेट विक्री, प्रकल्प नोंदी 2024

14 जानेवारी 2024, शेफील्ड

लिलावातला लॉट आज घरी आला. तीन कॉन्सर्टिना, एकाच घराच्या माळ्यावरून उतरलेल्या. हातोडा 1,600 पौंडांवर पडला. त्यावर लिलावघराचा 25 टक्के प्रीमियम आणि त्या प्रीमियमवर 20 टक्के व्हॅट, म्हणजे सरळ 30 टक्के. खिशातून गेले 2,080. ज्याचा माल होता त्याच्याकडूनही कमिशन कापले गेले असणारच. मधल्या माणसाची दोन्हीकडून दिवाळी.

यंदा ठरवले आहे की तिन्ही थेट वाजवणाऱ्याच्या हातात द्यायच्या. दुकानात ठेवायला दिल्या तर दुकानदार सांगेल तसे वाद्य तयार करावे लागते: सगळे सूर आजच्या 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराला, सगळे लाकूड चकचकीत, कुणालाही खपेल असे. मला उलटे करून पाहायचे आहे. आधी माणूस, मग सूर लावायची कानस.

ज्यांनी हे वाद्य पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. षटकोनी, दोन्ही तळव्यांत मावणारे, मधे भाता, दोन्ही टोकांना बटणे. आवाज आपल्या पेटीच्याच कुळातला, मोकळ्या रीडचा, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या जिभेचा. हिचा कर्ता म्हणजे, बारावीत ज्याच्या ब्रिजने आपल्याला छळले तोच चार्ल्स व्हीटस्टन. गंमत म्हणजे ब्रिज मुळात सॅम्युअल क्रिस्टी यांचा, 1833 चा. व्हीटस्टनने दहा वर्षांनी तो लोकांपुढे आणला आणि नाव त्याचे लागले. कॉन्सर्टिना मात्र खरोखर त्याची. बटणांच्या मांडणीचे पहिले पेटंट 1829 चे, सुधारलेले 1844 चे.

15 जानेवारी

नोंदींसाठी नावे ठरवली.

क: लाशनाल कंपनीची अँग्लो, 30 बटणे, सी आणि जी अशा दोन पट्ट्यांची, महोगनीची टोके, पोलादी रीड.

ख: लाशनालचीच इंग्लिश, 48 बटणे, पितळी रीड. त्या काळातला स्वस्त माल.

ग: व्हीटस्टन, इंग्लिश, 48 बटणे, रोजवुडची टोके. आतल्या लेबलवर 20, कंड्युइट स्ट्रीटचा पत्ता. तिघींत वयाने मोठी हीच.

इंग्लिश आणि अँग्लो यांतला फरक ग्राहकाला पहिल्याच फोनवर सांगावा लागतो, कारण निम्मे लोक 'कॉन्सर्टिना हवी' एवढेच म्हणतात. इंग्लिशमध्ये भाता दाबा की ओढा, एका बटणाचा सूर तोच. मात्र सप्तकातले स्वर एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला असे वाटलेले. अँग्लोमध्ये दाबताना एक स्वर, ओढताना दुसरा, माउथ ऑर्गनच्या तत्त्वावर. ही कल्पना केम्निट्झच्या कार्ल फ्रीडरिश उलिगची, 1834 ची. एक वाजवणाऱ्याला दुसरी देऊन उपयोग नाही. बोटांचे सगळे शिक्षणच वेगळे.

21 जानेवारी

तिन्ही उघडल्या. प्रत्येक बाजूला सहा बोल्ट. ते काढताना त्यांची जागा पुठ्ठ्यावर क्रमाने टोचून ठेवायची, कारण शंभर वर्षांत प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकाशी जुळलेला असतो. अदलाबदल झाली की आटे जातात, आणि हे आटे आजच्या कुठल्याही मापाचे नाहीत.

क: आधीच्या कुणा कारागिराने रीडवर भरपूर कानस चालवलेली. ओरखडे आडवे, खोल. सूर साधारण 440 च्या आसपास पण कुणाचा कुणाशी मेळ नाही. बटणांखालची भोके झाकणारे चार पॅड कडक झालेले, दोन स्प्रिंगा बदललेल्या. भात्याच्या दोन कोपऱ्यांतून हवा जाते.

ख: आत धूळ, बाकी कुणी हात न लावलेली. एका बाजूच्या कोरीव जाळीचा तुकडा गेला आहे. लाकडात किड्याची जुनी भोके, पण ताजा भुसा नाही.

ग: ही उघडल्यावर थोडा वेळ नुसता बघत बसलो. रीडवर मूळच्या कानशीशिवाय दुसरी खूण नाही. शॅमॉय कातडे वाळून पापडासारखे झाले आहे, झडपा वळल्या आहेत, एक रीड गंजाने बोलत नाही. एवढेच. जवळपास पावणेदोनशे वर्षांत हिला कुणी 'सुधारलेले' नाही.

23 जानेवारी

ग चे वय शोधले. व्हीटस्टन कंपनीच्या विक्रीच्या वह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत आणि त्यांची पाने घरबसल्या पाहता येतात. क्रमांक टाकायचा, हस्ताक्षर लावत बसायचे. ही 1850 च्या दशकाच्या मध्यात गेली, एका 'मिस'कडे. काही क्रमांक वहीत दोनदा-तीनदा येतात: भाड्याने गेली, परत आली, पुन्हा विकली. उमराव घरांतल्या बायका, त्यांचे शिक्षक, पाद्री, सगळे याच वह्यांत. शिक्षक वाद्य घेऊन शिष्याला विकायचे, मधे आपला वाटा ठेवायचे.

लाशनालचे तसे नाही. लुई लाशनाल मूळचा स्विस, व्हीटस्टनसाठी यंत्रावर सुटे भाग बनवायचा. 1858 मध्ये स्वतःचे नाव लावले, 1861 मध्ये वारला, पुढे बायको एलिझाबेथने कारखाना चालवला. कंपनी 1930 च्या दशकापर्यंत टिकली आणि तिने व्हीटस्टनपेक्षा कितीतरी जास्त वाद्ये बाजारात आणली. पण त्यांच्या वह्याच उरल्या नाहीत. क्रमांकावरून वर्षाचा अंदाज बांधायचा, त्यापलीकडे पुरावा नाही. विकताना 'अमुक सालची' असे ठोकून देणारे खूप आहेत. मी 'सुमारे' लिहितो.

28 जानेवारी

रेडिएटरने लाकूड आकसले आहे. ख चे रीडपॅन, म्हणजे रीड बसवलेली लाकडी पाटी, खोबणीत हलते, त्यामुळे एका कप्प्यातली हवा शेजारच्यात जाते आणि दबक्या आवाजात दोन सूर एकदम ऐकू येतात. सांगलीला पावसाळ्यात पेट्या फुगून बटणे अडकायची, त्यावर मामा दुकानात बसून तासन्‌तास पट्ट्या घासायचे. इथे रोग उलटा. कडेला पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरसाने चिकटवल्या, वर नवे शॅमॉय. सरस म्हणजे खरा सरस, गरम करून लावायचा. पुढच्या कारागिराला वाफ दाखवून तो सोडवता आला पाहिजे. कृत्रिम गोंद लावणाऱ्याला मी वाद्याचा शत्रू समजतो.

4 फेब्रुवारी

भाते. क च्या कोपऱ्यांना पातळ तासलेल्या बकऱ्याच्या कातड्याचे त्रिकोण. कातडे कडांना कागदाइतके पातळ झाले नाही तर घडी मिटत नाही. चाचणी सोपी: एक टोक हातात धरायचे, बटण न दाबता दुसरे टोक खाली सोडायचे, भाता किती सावकाश उघडतो ते पाहायचे. क आता तोल धरून उतरते. ग चा भाता मूळचा आहे आणि त्याला मी हात लावणार नाही. थोडी गळते. ग्राहकाला तसे सांगेन.

11 फेब्रुवारी

आज दिवसभर मोजमाप. या प्रकल्पाचा खरा प्रश्न इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

व्हिक्टोरियन लंडनमध्ये ऑर्केस्ट्राचा सूर चढा होता, मधला ए साधारण 452 च्या आसपास. आजचा 440. फरक काढला तर 47 सेंट (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट), म्हणजे जवळपास अर्धा सूर... नाही, अर्ध्या सुराचाही अर्धा. आपल्या भाषेत, पांढरी एक आणि काळी एक यांच्या बरोबर मधे कुठेतरी लटकलेला षड्ज. एकटे वाजवायला काही बिघडत नाही. फिडलवाल्याशेजारी बसलात की दोघांपैकी एकाला उठावे लागते.

ख 45 सेंटने चढी. ग त्याहून थोडी जास्त.

पण ग मध्ये दुसरीही गोष्ट निघाली. इंग्लिश कॉन्सर्टिनाला सप्तकात बारा नव्हे, चौदा बटणे असतात. जी शार्प वेगळे, ए फ्लॅट वेगळे. डी शार्प वेगळे, ई फ्लॅट वेगळे. आजच्या समान स्वरमेळात (सप्तकाचे बारा सारखे भाग) लावलेल्या वाद्यात या जोड्या एकच सूर देतात, आणि विकत घेणारे विचारतात, दोन बटणे कशाला? ग मध्ये मात्र दोन्ही खरोखर वेगळी बोलतात. मापले तर अंतर चाळिशीच्या सेंटांत. सी पासून ई पर्यंत 386 च्या जवळ, समान स्वरमेळात हेच 400 असते. म्हणजे गांधार शुद्ध ठेवणारा जुना मीनटोन मेळ जवळजवळ शाबूत आहे. सी ला षड्ज धरून गांधार दाबला तर तो तंबोऱ्यातून निघणाऱ्या गांधाराच्या अगदी जवळ बसतो. पेटीवर आयुष्यभर चढा गांधार ऐकलेल्या माझ्या कानाला तो आधी उतरलाच वाटला. पंचम मात्र किंचित कमी, साधारण पाच सेंटने. त्या मेळाची ती किंमत.

सेंट हे माप रूढ करणारे अलेक्झांडर एलिस यांनीही वेगवेगळ्या स्वरमेळांत कॉन्सर्टिना लावून घेतल्या होत्या. हातात मावणारी, सूर न सोडणारी प्रयोगशाळा. आणि आमच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींचे गणित मांडले, ई. क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्यासोबत श्रुती हार्मोनियमचा पाठपुरावा केला. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर बरीच खडाजंगी झाली. बारा पट्ट्यांत सगळे बसत नाही हे दुखणे दोन्हीकडचे. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांची 22 श्रुतींची पेटी त्याच वाटेवरची.

तर प्रश्न असा. ग ला 440 वर, समान मेळात आणायची तर प्रत्येक रीडच्या मुळाशी पोलाद खरवडावे लागेल. मुळाशी घासले की सूर उतरतो, टोकाशी घासले की चढतो. एकदा काढलेले पोलाद परत बसत नाही. बाजारभाव पाहिला तर 440 ची जास्त लवकर विकली जाते. दुकानात दिली असती तर याच आठवड्यात कानस फिरली असती.

ग ला कानस लावायची नाही. तशीच हवी असणारा माणूस शोधायचा.

18 फेब्रुवारी

माहिती लिहायला घेतली. थेट विक्रीत निम्मे काम हेच. प्रत्येक वाद्यासाठी: सुमारे काळ, बटणे, रीडचा धातू, सूर किती हर्ट्झला, काय मूळचे, काय बदलले, काय बिघडलेले आहे आणि तसेच ठेवले आहे. सोबत ध्वनिमुद्रण: प्रत्येक बटण, भाता दाबताना आणि ओढताना, मधे काहीही न कापता. सुंदर गत वाजवून दाखवणारे विक्रेते मला संशयास्पद वाटतात. चांगला वादक तुटकी कॉन्सर्टिनाही गोड वाजवतो; खराब बटणे तो टाळतो.

25 फेब्रुवारी

चौकशा सुरू झाल्या.

एकाला 'छोटे अकॉर्डियन' हवे होते. नाही म्हटले.

एका बाईंनी विचारले, बटणे हस्तिदंताची आहेत का? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये हस्तिदंताचा कायदा 6 जून 2022 पासून लागू झाला. 1975 पूर्वीच्या वाद्यात हस्तिदंत 20 टक्क्यांहून कमी असेल तर विकता येते, पण आधी नोंदणी करावी लागते, शुल्क 20 पौंड. माझ्या तिन्हींची बटणे हाडाची. भिंगाखाली हाडात बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात, रक्तवाहिन्यांच्या खुणा. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या कमानी. भिंगातला फोटो काढून माहितीला जोडला. पुढच्या दहा जणांचा प्रश्न वाचला.

अमेरिकेतून ग साठी विचारणा आली. किंमत वर द्यायला तयार. पण रोजवुड ब्राझिलियन असेल तर ते साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 1 मध्ये 1992 पासून आहे, आणि सीमा ओलांडायला परवाने लागतात. इतर रोजवुडच्या तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली, ब्राझिलियनला नाही. लाकूड कुठले ते मी छातीठोक सांगू शकत नाही. ग देशातच राहील, असे कळवले.

2 मार्च

लंडनजवळच्या स्लाऊहून फोन. मराठी गृहस्थ, आवाजावरून साठीचे. भजनी मंडळासाठी उभ्याने वाजवता येईल अशी पेटी हवी होती.

"अहो, ही लहानशी दिसते, दिंडीत चालता चालता वाजेल ना?"

"काका, वाजेल. पण दोन्ही हात हिच्यात अडकतात. इंग्लिशमध्ये सा एका हाताला तर रे दुसऱ्या हाताला. तुमची एका हाताची पेटीची बोटे इथे उपयोगी नाहीत."

"मग भाता?"

"तोही त्याच हातांनी."

थोडा वेळ शांत राहून म्हणाले, "म्हणजे हा व्यवहार तुम्ही मोडताय." मोडलाच. गळ्यात अडकवायची साधी पेटी घ्या म्हटले. वारीत चालणारे पेटीवाले तीच वापरतात. पुढे बराच वेळ आम्ही हार्मोनियमच्या जर्मन रीडवर बोललो. विक्री शून्य, फोन मजेचा.

9 मार्च

क चे सूर. भात्याच्या टेबलावर एकेक रीड, खाली पातळ पितळी पत्री सरकवून जिभेला आधार, मग बारीक कानस. टेबलावर बरोबर लागलेला सूर वाद्यात बसवल्यावर काही सेंट सरकतो, कारण कप्प्याची लांबी-रुंदी त्यात येते. म्हणून आधी दोन-चार रीड वाद्यात घालून सरक किती ते बघायचे, आणि टेबलावर तेवढे मुद्दाम चुकीचे लावायचे. खर्जाच्या दोन रीडना आधीच्या कारागिराने इतके खरवडले होते की आणखी घासणे धोक्याचे. टोकाला कथिलाचा बारीक ठिपका दिला, सूर उतरला, पोलाद वाचले.

क ला समान मेळ, 440. इथे मला काही अपराधी वाटत नाही. मूळचे काही उरलेच नव्हते.

16 मार्च

आठवडाभर ठेवून पुन्हा तपासली. नव्या कातड्याच्या झडपा बसल्यावर सूर थोडा हलतोच. तीन रीड परत काढल्या. ख च्या जाळीचा तुकडा कोरला, चपडा लाखेचे पॉलिश. ही लाख आपल्याच झाडांवरची, इंग्लंडच्या जुन्या फर्निचरचा अर्धा तजेला तिचाच.

30 मार्च

क साठी आयर्लंडमधल्या काउंटी क्लेअरहून बाई. आयरिश संगीतासाठी सी/जी अँग्लो लागते, आणि क्लेअर तर या वाद्याचे माहेर. त्यांना जुलैमध्ये मिलटाऊन मालबेच्या विली क्लॅन्सी आठवड्याआधी हवी आहे. 1973 पासून चाललेली ती उन्हाळी शाळा. तिथे कॉन्सर्टिनाच्या वर्गांना गर्दी असते.

त्यांच्या प्रश्नांवरून माणूस जाणकार आहे हे दोन मिनिटांत कळले. किंमत विचारण्याआधी त्यांनी विचारले: उजव्या हाताच्या वरच्या ओळीत सी शार्पची मांडणी जेफ्रीजची (लंडनचाच दुसरा जुना कारागीर) की लाशनालची? हवेचे बटण मोठे आहे का? हाताचे पट्टे बदललेत का? मी व्हिडिओ कॉलवर बटण दाबून दाखवले. मांडणी लाशनालची आहे. त्यांनी शिकलेली जेफ्रीजची. एक-दोन रीड अदलाबदल करून देता का, म्हणाल्या.

हेच दुकानातून झाले नसते. रीडच्या पितळी चौकटी निमुळत्या खोबणीत सरकवून बसवलेल्या असतात, माप जुळले तर जागा बदलता येते. एक जुळली. दुसरीसाठी नवी चौकट करावी लागेल. हो म्हटले. जुनी चौकट कागदात गुंडाळून, नाव लिहून पेटीसोबत देणार.

6 एप्रिल

करांचे रडगाणे. जानेवारी 2021 पासून आयर्लंडला माल पाठवणे म्हणजे निर्यात. इंग्लंडमध्ये बनल्याचे विधान बिलावर लिहिले की सीमाशुल्क सुटते, व्हॅट सुटत नाही, आणि आयर्लंडचा दर 23 टक्के. शंभर वर्षांपुढच्या प्राचीन वस्तूंना सीमाशुल्काच्या यादीत वेगळा क्रमांक आहे, 9706. त्या क्रमांकाखाली गेली तर कर कमी.

बाई म्हणाल्या, तसे लिहा ना. क चा क्रमांक कंपनीच्या उत्तरार्धातला आहे. 1910 चीही असेल, 1926 चीही. वह्या नाहीत, पुरावा नाही. माझ्या सहीने शंभर वर्षे लिहिणे जमणार नाही, असे कळवले. व्हीटस्टन असती तर संग्रहालयातले पान छापून जोडले असते. लाशनालची ती हरवलेली वही आज आम्हा दोघांना काही शे पौंडांना पडली.

2,200 ठरवले होते, 2,100 वर आलो. टपाल विमा धरून त्यांना तिकडे 490 च्या आसपास कर पडेल. त्यांनी एक दिवस विचार केला आणि हो म्हटले.

13 एप्रिल

क गेली. भाता मिटून आत लाकडी ठोकळे, खोक्यात खोके, मधे फोम. पैसे आधी बँकेत, वाद्य मग. पसंत नाही पडले तर पोचल्यापासून 14 दिवसांत परत. लांबून विकणाऱ्या व्यापाऱ्याला इथला कायदाच ती मुदत घालतो. मी एक अट जास्त घालतो: परत पाठवायचे तर आधी मला व्हिडिओवर अडचण दाखवा. बऱ्याचदा एक अडकलेली झडप असते.

20 एप्रिल

ख साठी निवृत्त नर्स, डार्बीशायरच्या. कधीच वाद्य वाजवलेले नाही, गाताना साथ हवी. सुरुवातीला मी म्हटले, चढा सूर तसाच राहू द्या, तुम्ही एकट्याच गाणार. मग बोलता बोलता कळले की गावच्या पबमधल्या गाण्याच्या मंडळात बसायचा बेत आहे. तिथे गिटार असणार, दुसरी कॉन्सर्टिना असणार. म्हणजे 440 हवेच. पितळी रीड मऊ, उतरवायला सोप्या, पण जास्त खरवडल्या तर थकून तुटतात. हळूहळू, दोन टप्प्यांत करतो म्हटले. किंमत 550, सूर उतरवण्याचे वेगळे काही नाही.

त्या स्वतः येऊन घेऊन जाणार. आल्यावर अंगठा कुठे अडकवायचा, करंगळीचा टेकू कसा, भाता पंख्यासारखा उघडायचा, हे दाखवीन. नाहीतर नवशिके दोन्ही मनगटे समांतर ओढतात आणि महिन्यात हाताला कळ येते.

28 एप्रिल

ग अजून इथेच. तीन जणांनी विचारले, तिघांनीही 440 ला लावून द्याल का असेच. एकाने सांगितले, तसे केले तर 1,200 देतो. माझी किंमत 950 आहे, न घासता. 250 पौंड फक्त हात आवरण्याचे! बायको म्हणाली, घे ना. मी तिला दोन बटणे वाजवून दाखवली, ए फ्लॅट आणि जी शार्प. ती कथ्थक शिकलेली, गाण्याचा कान आहे. "दोन्ही धैवत आहेत की," म्हणाली. एवढ्यावर विषय संपला.

गंजलेली रीड मात्र दुरुस्त केली. काचेच्या तंतूंच्या ब्रशने गंज काढला, सूर शेजारच्यांच्या मेळात आणला. कुठली रीड, किती फरक होता, सगळे लिहून ठेवले.

12 मे

एडिंबराहून पत्र आले, खरोखरचे, टपालाने. एकोणिसाव्या शतकातले संगीत त्याच काळातल्या वाद्यांवर वाजवणारी जोडी आहे, जुनी गिटार आणि कॉन्सर्टिना. जूलिओ रेगोंडी दोन्हीत निष्णात होता, त्याच्या पिढीचे संगीत त्यांना त्याच मेळात हवे. गिटार ते चढ्या सुराला लावूनच घेतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: मेळ कुणी बदलला आहे का? मी मापांचा पूर्ण तक्ता पाठवला, सगळ्या बटणांचा, दाबताना आणि ओढताना.

उत्तरात त्यांनी विचारले की भाता गळतो त्याचे काय. थोडा गळतो, म्हटले. लांब सुराला जास्त हवा लागेल. मूळचे कागद आणि कातडे जपायचे असेल तर कोपरे आतून सांधता येतील, बाहेरून काही दिसणार नाही. त्यांना तसे हवे होते.

26 मे

ग चे आतले सांधे झाले. एडिंबराहून दोघेही आले, स्वतः बघून घ्यायला. स्वयंपाकघरात बसून वाजवले. चहा झाला, पोहे झाले. 950 तिथल्या तिथे बँकेत. वहीतल्या पानाची छापील प्रत, मापांचा तक्ता आणि काढलेल्या जुन्या शॅमॉयचा तुकडा पाकिटात घालून दिला.

9 जून

हिशेब. आले 3,600. गेले: लॉट 2,080, कातडे, शॅमॉय, पॅड, स्प्रिंगा, लाख मिळून 210, टपाल आणि विमा वेगळे. हाती उरले साधारण तेराशेच्या आत. तास मोजले तर किमान वेतनाच्याही खाली येईल, म्हणून मोजत नाही. वर्षाची उलाढाल 1,000 पौंडांवर गेली की इथल्या कर खात्याला कळवावे लागते, त्याचे कागद वेगळ्या फायलीत.

14 जुलै

क्लेअरच्या बाईंचा संदेश. पावसात उजव्या हाताचे मधल्या ओळीतले तिसरे बटण दाबले की वर यायला उशीर करते. दमटपणात बटणाभोवतीचा फेल्ट फुगतो. कुठला बोल्ट आधी काढायचा, तरफ कशी उचलायची आणि भोक किती हलक्या हाताने मोकळे करायचे, हे व्हिडिओवर दाखवले. त्यांनी कॅमेऱ्यासमोरच केले. सुटे फेल्टचे पाकीट उद्या टपालात टाकायचे आहे.